लाल निघालेली भट्टी

९ नोव्हेंबर

सगळी भट्टी लाल! दार फोडलं, एकेक वाडगं बाहेर काढलं. हिरवं वाडगं एकही नाही. सरपण ओलं राहिलं, धूर आत कोंडला आणि तांब्याची हिरवी झिलई लाल होऊन बसली. भट्टीच्या देवापुढे मीठ, तांदूळ, साकेची दारू — सगळं ठेवलं होतं. त्याचा दोष नाही. सरपण मी बघायला हवं होतं.

परवा लंडनहून लॉरिमर-सान येणार. आमच्या गावचा हिरवा रंग त्यांनीच पुस्तकं लिहून, प्रदर्शनं भरवून जगाला दाखवला. लंडनचं हे त्यांचं शेवटचं प्रदर्शन. काय तोंड दाखवू?

११ नोव्हेंबर



लॉरिमर-सान आले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आधी देव्हाऱ्यापाशी बसून बाबांना उदबत्ती लावली. मग अंगणात मांडलेलं एकेक वाडगं उचललं, काठावरून अंगठा फिरवला, तळ चाचपला. मी मान खाली घालून उभा. आणि म्हणतात, "यंदाचा हिरवा फार खोल उतरलाय हं!"

हिरवा!

वाटलं, टोमणा मारताहेत. पण चेहरा खरोखर खुललेला. लंडनसाठी निम्मी वाडगी बाजूलासुद्धा काढली.

त्यांना रंग कळत नाही! लाल काय, हिरवा काय — एकच!

१२ नोव्हेंबर

शेजारच्या भट्टीचा तोकुजी पोट धरून हसला. "म्हातारा तांबड्याला हिरवं म्हणतोय ना? म्हणू दे की! तुझं काय जातंय?"

घरी माझी फुमिए मात्र भात वाढता वाढता थांबली. "अहो, तिथे चार लोकांत हसं होईल त्यांचं. जन्मभराचं नाव जाईल."

सांगावं तर माझ्या तोंडून त्यांचा मान जाणार. न सांगावं तर तिथे, परक्यांपुढे.

देव्हाऱ्यापुढे बसून राहिलो. बाबा दोन शब्दांत मोकळे झाले असते.

१३ नोव्हेंबर

ते खोक्यांत पेंढा भरत होते. सांगून टाकलं — "ही लाल आहेत, लॉरिमर-सान. चूक माझी."

त्यांचा हात थांबला. "सगळी?"

"सगळी."

हातातलं वाडगं त्यांनी पेंढ्यावर टेकवलं. मग म्हणाले, "लहानपणापासूनचं आहे रे हे. गावात एकालाच ठाऊक होतं. तुझ्या बाबांना."

बाबांना! मला घरात कधी अवाक्षर नाही!

"लाल म्हणूनच नेतो. माझ्या डोळ्यांचंही तिथे सांगेन. पण हा लाल कसा आहे, ते तू सांग. आता दुसरं कोण आहे मला?"

वाडगं हातात घेऊन उभा राहिलो. उजेडाकडे फिरवून पाहिलं.

१४ नोव्हेंबर

बस यायच्या आधी त्यांनी उरलेलं सांगितलं. पुस्तकांत रंगाविषयी जे जे आहे, ते सगळं बाबांचं. बाबा बोलायचे, लॉरिमर-सान लिहून घ्यायचे.

माझ्या पहिल्या हिरव्या वाडग्याच्या कौतुकाचं त्यांत एक अख्खं पान आहे. मला ते तोंडपाठ आहे.

तेही बाबांचंच! बाबा — ज्यांनी माझ्या कामाला तोंडावर कधी 'ठीक'सुद्धा म्हटलं नाही.