उलटली, पण बुडाली नाही

प्रिय लेस्टर,

हे पत्र नोला तुला वाचून दाखवेल, म्हणून आधी तिच्यासाठी दोन शब्द. नोला, तुझ्या नवऱ्याला झोंबेल असं यात बरंच काही आहे, त्यातलं एक अक्षर गाळू नकोस. त्याला माझं ऐकून घ्यायची चाळीस वर्षांची सवय आहे. आणि लेस्टर, तू डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊ नकोस, ते तुला कधीच जमलेलं नाही. घरी कुणी भेटायला यायचं नाही असं तू ठरवलंस, आम्ही मुकाट्याने ऐकलं. पत्र पाठवायला मनाई केल्याचं काही माझ्या कानावर आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

क्लबच्या फळ्यावर ‘गॅनेट विकणे आहे’ असा कागद लागलाय. अक्षर नोलाचं आहे, पण विकायचं तू मान हलवून सांगितलंस असं ती म्हणते. ज्या शिडाच्या बोटीच्या तिन्ही अंगांना, मधल्या आणि बाजूच्या दोन्ही, तू स्वतःच्या हाताने रंधा मारलास, ती विकायला तू एका मानेच्या झटक्यात तयार झालास? नोलाने मला बाकीचंही सांगितलंय. बोलायला शिकवणारी ती मुलगी दर सोमवारी येते, चित्रं दाखवते, ‘कप’ म्हणा, ‘खुर्ची’ म्हणा, आणि तू भिंतीकडे बघत बसतोस. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाच्या झटक्याने तुझे शब्द पुसले गेलेले नाहीत, ते आत आहेत. पण तू आता जोर लावला नाहीस तर ते आतच राहतील. उजवा हात आणि पाय जमेल तेवढा सुधारेल, ते वेगळं. मला काळजी आहे ती तुझ्या तोंडाची. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मी किती वेळा देवाला हाक मारली असेल, आणि आता हे असं झालंय.

बरं, शुक्रवारच्या टेबलाच्या बातम्या. जॉसीने क्लबच्या बारमध्ये मोठा टीव्ही लावलाय आणि त्यावर सारखी त्या उडणाऱ्या बोटींची शर्यत चालू असते. नव्या बोटीला अंग एकच, पण उभी राहायला तळाला लागतं ते शिसं नाही. दोन्ही बाजूंना पात्यासारखे दोन पाय, वेग घेतला की त्यातल्या एकावर उभी राहून पाण्याच्या वर पळते. जॉसी म्हणाली, “तुम्हा म्हाताऱ्यांचं भांडण आता संपलं. एक अंग की तीन अंगं हा प्रश्नच उरला नाही.” मी म्हटलं, पाण्याला टेकत नाही ती बोट कसली, ते तर चुकलेलं विमान आहे. तामाती म्हणाला, “दोन बाजूंना दोन पाय आणि मध्ये अंग, म्हणजे तीनच झाले की! लेस्टर म्हणाला असता, ही चोरून बनवलेली ट्रायमरानच आहे.” जॉसी म्हणाली, मुळीच नाही, लेस्टरने तिला शिव्याच घातल्या असत्या. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

तामातीची जीभ नेहमीसारखीच आहे. परवा ऑकलंडहून कुणी पाहुणा आला होता, पांढरी पँट वगैरे घालून. म्हणाला, अनेक अंगांच्या बोटी हे हौशी लोकांचं अलीकडचं खूळ आहे. तामातीने बटाट्याची बशी बाजूला सारली. “दादा, आमचे माओरी पूर्वज दोन अंगांच्या होड्यांतून सगळा महासागर ओलांडून इथे आले. बरोबर रताळी होती, कुत्री होती, म्हाताऱ्या होत्या. तुमचे पूर्वज नंतर एका अंगाच्या जहाजातून आले, तेही वाटभर ओकत.” पाहुण्याने त्याला बियर पाजली. तामातीचं म्हणणं असं की मी आणि तू इतकी वर्षं ज्यावर भांडलो त्याचा निकाल त्याच्या घरी हजार वर्षांपूर्वीच लागलाय, आपणच कागदपत्रं बघितली नाहीत.

आपल्या भांडणाचं मूळ मात्र पुअर नाइट्स बेटांपाशी आहे, हे तुलाही ठाऊक आहे. त्या दुपारी वारा एकदम फिरला आणि ‘गॅनेट’ उलटली. डोलकाठी खाली, तिन्ही तळ आकाशाकडे. मी माझी एका अंगाची ‘डचेस’ घेऊन जवळ आलो तेव्हा तू आणि नोला उलट्या तळावर बसला होतात. तळाला तू आधीच एक झाकणाचं भोक पाडून ठेवलं होतंस, उलटली तर बाहेर पडायला. मी त्यावरून तुला वर्षभर छळलं होतं, की स्वतःच्या बोटीच्या बुडाला भोक पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. त्याच भोकातून तुम्ही दोघं बाहेर आलात. मी दोर फेकला, तर तू तो धरायच्या आधी ओरडलास, “बघ, तरंगतेय की नाही? तुझी असती तर आत्ता तळाशी शिंपल्यांशी गप्पा मारत बसला असतास!” मी ओरडलो, “माझी असती तर उलटलीच नसती!” नोला म्हणाली, “आधी मला वर घ्या, मग काय ते भांडा.” तुला आमच्या बोटीवर घेतलं, कोरडा स्वेटर दिला, गरम चहा दिला, आणि ‘डचेस’ जराशी कलली म्हणून तुझा चहा सांडला, तर तू म्हणालास की तुझ्या बोटीत कप जागचा हलत नाही. अर्ध्या तासापूर्वी तुझ्या बोटीतले सगळे कप समुद्रात गेले होते.

तेव्हापासून एकच घटना आपण दोघंही पुरावा म्हणून वापरतोय. तू म्हणतोस, बुडाली नाही. मी म्हणतो, उलटली. तुझं म्हणणं, बोट हलकी हवी, पाण्यावरून सरकायला हवी, शिशाचं ओझं गळ्यात बांधून शर्यत कोण जिंकतं? हलकेपणाच्या नादात तू नोलाचा नाताळचा केक बोटीवर चढू दिला नव्हतास, आणि दोघांत एकच टॉवेल. माझं म्हणणं, जी बोट आडवी झाल्यावर आपली आपण उभी राहते तिच्यावरच माणसाने बायकोला न्यावं. यात कधी कुणी तसूभर हटलं नाही. म्हणूनच आपण दर शुक्रवारी येत होतो.

तू यायचा बंद झालास तेव्हा पहिले काही शुक्रवार कुणी विषयच काढला नाही. फिश अँड चिप्स खायचे, हवामान बोलायचं आणि घरी जायचं. मग मला राहवेना. मी तुझी बाजू घ्यायला लागलो. वेग, हलकेपणा, कमी खोल पाण्यात शिरता येणं, सगळं तुझंच. पण माझ्याशी भांडायला कुणी उभं राहीना, कारण माझी बाजू मीच सोडली होती. तामातीने विचारलं, “क्लाइव, तुझी तब्येत बरी आहे ना?” जॉसीने मला त्या दिवशी दुसरी बियर दिली नाही.

आणि त्याच नादात मी मार्चमध्ये तुझ्याकडे आलो. फिजोआ फळांची पिशवी आणली होती. तू खिडकीपाशी बसला होतास, मांडीवर गोधडी, आणि तुला तसं बघून मला काही सुचेना. म्हणून मी म्हणालो, “लेस्टर, खरं सांगू? तुझंच बरोबर होतं. पुअर नाइट्सला ती बुडाली नाही हेच खरं. मी उगाच इतकी वर्षं ताणलं.” तू मान फिरवलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तुला बरं वाटलं. मी घरी येऊन आमच्या एथेलला सांगितलं की आज एक चांगलं काम झालं. दुसऱ्या दिवशी नोलाचा निरोप, यापुढे कुणालाच भेटायचं नाही म्हणतोय.

मी हे टेबलावर सांगितलं, तेव्हा तामातीने मला वेड्यात काढलं. म्हणाला, “तू भेटायला गेला होतास की शोकसभेला?” मी चिडलो. शुक्रवारचं टेबल अर्धवट सोडून निघून आलो, जे तुझ्याशी भांडतानाही मी कधी केलं नव्हतं. तरी त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी नोलाचा फोन आला. नेल्सन गावचा एक गृहस्थ ‘गॅनेट’ बघून घरी आला होता. चहा पिता पिता तो तिला म्हणाला, बोट देखणी आहे, पण या जातीच्या बोटी शेवटी उलटतातच, मी ती नुसती घरच्या खाडीत फिरवायला घेईन. आणि खिडकीकडून आवाज आला, “बकवास!” स्पष्ट. नोलाच्या हातातली किटली खाली पडली. डिसेंबरमधल्या झटक्यापासूनचा तुझा पहिला शब्द. तो गृहस्थ घाबरून निघून गेला, बोट काही त्याने घेतली नाही. नंतर तू पुन्हा गप्प झालास, सोमवारच्या त्या मुलीने कितीही चित्रं दाखवली तरी. फोन ठेवताना नोला म्हणाली, “क्लाइव, तू येऊन गेलास त्या दिवशी तो जेवला नाही. तू हार मानलीस ना, ती त्याला लागली. त्याला वाटलं, आपण गेलोच म्हणून हा असं गोड बोलतोय.”

तर लेस्टर, हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय. मार्चमध्ये तुझ्या खिडकीपाशी मी जे बोललो ते सगळं मागे घेतो. तुझं बरोबर नव्हतं. ‘गॅनेट’ उलटली, माणूस जगला तो बोटीमुळे नव्हे, माझ्या दोरामुळे. तुझी बोट म्हणजे एक बारीक बोट आणि तिला धरून चालणाऱ्या दोन कुबड्या आहेत. वळायला सांगितलं तर विचार करत बसते, धक्क्यावर दोघांची जागा अडवते, आणि तुझ्या तळाच्या भोकाइतका मूर्ख प्रकार या बंदरात आजवर कुणी केलेला नाही. तुला मी घाबरत नव्हतो आणि आत्ताही घाबरत नाही. तू गेलेला नाहीस, म्हणून तुला गोड बोलायचं मला काही कारण नाही. गुरुवारी दुपारी मी तुझ्या दारात उभा राहणार आहे आणि हे सगळं तोंडावर पुन्हा सांगणार आहे. नोला मला आत घेईल, तिने तसं कबूल केलंय. तू नुसती मान हलवलीस म्हणून मी जाणार नाही. मला घालवायचं असेल तर तोंडाने घालव, तुझ्याकडे आहे तो एक शब्द वापर, मी दुसरा काढायला लावीन, आणि तिसऱ्यासाठी पुढच्या गुरुवारी येईन. तू मला पुन्हा हवा आहेस, लेका.

तुझाच, आणि कायम तुझ्या विरोधातला,
क्लाइव