गेटात रडली म्हणून स्कूटी गेली

बिजली बाई, सगळ्यात आधी आली ती तानाबाई. हातात फडक्यानं झाकलेली टोपली, अन् पदर असा पुढं ओढलेला की मले वाटलं उन्हानं ओढला. तिच्या मागं कॉलेजची प्रेरणा मॅडम, अन् त्याइच्या मागं आमाले स्कूटी शिकवणारे बबनराव सर. तिघंही अंगणात उभे, अन् तिघंही खाटेवर बसलेल्या आमच्या बुढ्याकडे असे पाहून राह्यले, जसा काही खाटेवर नाग निघाला. बुढा म्हणाला, राम राम, या, बसा. मॅडमच्या हातची पांढरी फुलं खाली पडली.

पण थांब, आधी रीतीचं लिहितो, नाही तं तू म्हणशीन हंसा कॉलेजात काय गेली, रीतच विसरली. धाकट्या बहिणीले मोठीचा पोटभर आशीर्वाद. भीमराज भाऊजींले राम राम. तुझा गुडघा कसा आहे, तेल लावतं का नुसतीच कण्हतं? इकडं सारे खुशाल. बुढा तं गरजेपेक्षा जास्त खुशाल, ते पुढं येईलच. फोनवरच सांगतलं असतं, पण तुझी सून फोन स्पीकरवर टाकते अन् साऱ्या तांड्याले कथा ऐकवते. म्हून लिहून राह्यली. आमची शेजारीण शीला उद्या तुह्या ढाणकीले माहेरी चालली, तिच्या हाती देतो.

तर यंदा पोट्टे सुट्टीवर गेले, खोल्या रिकाम्या पडल्या, म्हून दिग्रसच्या एका कॉलेजानं मोठ्या माणसाइसाठी उन्हाळी वर्ग काढले. केक, भरतकाम, मोबाईल, डोळे मिटून बसायचा मनःशांतीचा वर्ग, अन् स्कूटी. आमची सून राखी केकले गेली. (तिचा पह्यला केक बकरीले टाकला. बकरीनं केककडे पाह्यलं, मंग आमच्याकडे पाह्यलं, अन् निघून गेली.) म्या म्हटलं, मले स्कूटी. पोरगा शाम हासला. म्हणे, याडी, तू पास झाली तं राखीची स्कूटी तुलेच, जा कुठं जायचं तं. तो हासून बोलला, म्या पदराले गाठ मारली.

तुले माहीत आहे मले कुठं जायचं ते. तुह्या घरी येतो म्हटलं की बुढा म्हणते, कापूस निघू दे. कापूस निघाला की तूर. तूर निघाली की कोणाचं तरी लगन. एकटी एस.टी.नं जातो म्हटलं तं म्हणते, पुसदच्या स्टँडवर हरपशीन. (स्वतः एकदा चुकून आर्णीच्या गाडीत बसला होता, ते नाही सांगत.) अन् तुह्या घरीबी तेच. तुले सोयाबीन, मले कापूस, असं करता करता आपले केस पांढरे झाले. स्कूटी आली की कोणाले विचारायचं कामच नाही. बबनराव सर म्हणाले, आजी, ही गाडी बाजारापुरती आहे. म्या म्हटलं, बाजार ढाणकीतबी भरते.

अन् येऊन राह्यली होती ना मले. सरळ जात होती, वळत होती, थांबतबी होती. (प्रिन्सिपलच्या दारातला गमला फुटला, पण तो ठेवलाच मधात होता.)

मंग एक दिवस गेटात कोण दिसावं? जमना. आपल्या माहेरच्या तांड्याची जमना, जिच्यासंगं आपण विहिरीवर भांडत होतो. भरतकामाच्या वर्गाले आलती. अवं, तुले तं पाळण्यात भरतकाम येत होतं, म्या म्हटलं. तं म्हणे, घरी कूलर नाही, इथं आहे. पण हे मंग बोललो. आधी आपल्या रीतीनं भेटलो. गळ्यात गळा घातला अन् सुरात रडलो. याडी-बापूचं नाव घेतलं, गेलेल्या साऱ्याइचं घेतलं, विहिरीचं घेतलं, लेकराइची खुशाली घेतली. जमनाचा आवाज अजून तसाच आहे, अन् मीबी काही कमी पडली नाही. केकवाल्या बाया पिठाच्या हातानं बाहेर आल्या. मनःशांतीवाल्याइनं डोळे उघडले. आमचं झालं, तोंडं पुसली, अन् लागलो सुनाइच्या गोष्टी करायले.

आता तानाबाई. बाजूच्या गावची, माह्याच वर्गात स्कूटी शिकते. तिनं लांबून पाह्यलं अन् हिशेब लावला: एवढी म्हातारी बाई एवढ्या जोरात रडते म्हणजे नवराच गेला असला पाह्यजे. बरं, दोन पावलं पुढं येऊन विचारावं का नाही? नाही. दुःखात असलेल्या बाईले काय विचारायचं, म्हणे. साऱ्या कॉलेजले सांगाले मात्र लाज वाटली नाही.

मॅडमनं मले खोलीत बसवलं, ग्लुकोज पाजलं, हात हातात घेतला. म्हणाल्या, झालं ते झालं, आजी, मनाले लावून घेऊ नका. मले वाटलं, गमल्याचं बोलून राह्यल्या. म्या म्हटलं, मॅडम, जुनाच होता, आधीच तडकलेला होता, आता दुसरा आणून बसवू. मॅडम माह्याकडे पाहातच राह्यल्या. मंग म्हणाल्या, काही दिवस गाडी नको, तुम्ही मनःशांतीत बसा. एका गमल्यापायी स्कूटी काढून घेतली, बाई. माह्या जिवाची नुसती लाही झाली. खिडकीच्या काचेतून तानाबाई मैदानात माह्या स्कूटीवर फिरून राह्यली, अन् इकडं मले सांगतात, डोळे मिटा अन् राग सोडा. कसा सोडू? जितके डोळे मिटले तितका राग साफ दिसे.

अन् मंग हे तिघं अंगणात. शेवटी तानाबाईनंच तोंड उघडलं, अन् सारं बाहेर आलं. टोपलीत मयतीच्या घरी न्यायचं पिठलं-भाकर होतं. बुढ्यानं टोपली जवळ ओढली अन् कांदा मागतला. स्वतःच्या मयतीची भाकर मिटक्या मारत खाल्ली, वरून म्हणे, पिठल्यात मीठ कमी आहे, तानाबाई. मॅडमनं श्रद्धांजलीची फ्रेम आणलती, त्यात यांचं नाव मोठ्या अक्षरात, बाजूनं फुलाइची वेल. बबनराव सर लपवत होते, तं बुढ्यानं मागून घेतली. म्हणे, राहू द्या, कामी येईल. तिघाइच्या जिवात जीव आला, बुढ्याच्या पोटात भाकर गेली, माह्या एकटीच्या रागाले कोणी विचारे ना.

मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं काय?" म्या म्हटलं. "आमच्यात माणूस गेला तरी रडतात, भेटला तरी रडतात. सूर येगळा राह्यते."

"पण एवढं रडण्यासारखं होतं तरी काय?"

"जमना भेटली ना."

पडलेली फुलं वेचून मॅडमनं आमच्या देवापाशी ठेवली अन् म्हणाल्या, वर्ग तं शनिवारी संपून राह्यले, पण तुमची परीक्षा आमी घेऊ, स्कूटी तांड्यावरच घेऊन येऊ. मी वरून हो म्हटलं, राग मात्र तसाच ठेवला. सस्त्यात सोडणार नाही.

तुही मोठी बहीण,
हंसा

ता.क. परीक्षा अशी आहे की मागं एक माणूस बसवून मंदिराभोवती चक्कर मारा लागते. बुढा म्हणते, मी एकदा मेलो, पुन्हा मरत नाही. राखीचा नेमका तवाच केक भट्टीत राह्यते. तानाबाईले उपास आहे. जमना म्हणे, तुह्या तांड्यावर कूलर नाही, येत नाही. म्हून तू ये. लहानपणी बैलावर तुले मागं घेऊन मीच बसत होती, तू एकदाच पडली.

ता.क. दुसरा. कोणी येऊ देणार नाही म्हणशीन. भाऊजींले सांग, बहिणीच्या घरी मयत झाली, बसायले जा लागते. अशा कामाले कोणी नाही म्हणत नाही. अन् खोटं कुठं आहे? फ्रेम आहे ना घरात.

ता.क. शेवटचा. मनःशांतीच्या वर्गात झोप मोठी गोड लागे, हे कोणाले सांगू नको. अन् रविवारीच ये, म्हणजे गोठ्यामागं मन भरून रडून घेऊ. त्याइच्यासमोर भेटलो तं तानाबाई पुन्हा टोपली भरून आणीन. मॅडम अन् सर परीक्षा घ्यायले सोमवारी सकाळी येतो म्हून सांगून गेले.