दगडावरचं दुधाळ पाणी

गोजरा,

धाकट्या पुंजाजीने गेल्या वर्षी धार लावायच्या जपानी दगडासोबत पत्र पाठवलं होतं: "दादा, बाबाच्या वस्तऱ्याले धार आली की कळवजो, तुह्या हातानं दाढी करून घ्याले येतो."

धार येईना, म्हणून मी उत्तरच दिलं नाही. त्याला वाटलं असेल, मला तो नकोसा झाला. चूक माझी होती. घासताना दगडातून सुटणारं दुधाळ पाणी मी मळ समजून सारखं धुऊन टाकत होतो. धार त्यानेच लागते. आज ते न धुता घासलं, तर वस्तऱ्याने मनगटावरचे केस सहज निघाले.

दगड ओट्यावर आहे, पुसू नकोस. मी वाचनालयात आहे, जेवण झाकून ठेव. त्याला उत्तर लिहिताना चार कागद फाडले. शेवटी "माझा हात आता थरथरतो, तरी ये" एवढंच लिहून सकाळी टपालपेटीत टाकलं.