घोटायचे दगड

४ ऑक्टो., शनि.
फ्लॅगस्टाफहून निघायला उशीर, डॅरिलची चिडचिड. मेसावर, त्यांच्या पठारावरच्या गावात, पोचलो तर सासूबाई अंगणात, मडकं मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसलेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं, आता सुधारणा नाही. म्हणजे रंगवणं संपलंच. मला म्हणाल्या, घोट. आठ वर्षं त्यांची मडकी मीच घोटतेय, त्यांच्या आजीच्या दगडांनी. ओल आहे तोवर घोटायचं, हात थांबवायचा नाही. मान मोडून गेली. चकाकी मात्र अशी आली की स्वतःवरच खूश.

११ ऑक्टो., शनि.
गाढवपणा केला. जेवताना विचारलं, दगड आता मी घरी नेऊ का, लेकीला, ईशालाही, शिकवीन. आपल्याकडे सासूचं सुनेकडेच येतं, पोळपाटापासून देवांपर्यंत. त्यात अवघड काय, असं डोक्यात. सगळे जेवायचे थांबले. सा.बा. शांतपणे म्हणाल्या, "हात तुझा चांगला आहे. पण तू माझी मुलगी नाहीस."
डॅरिलच्या होपी-टेवा लोकांत कूळ आईकडून, आणि असे दगड कुळातच राहायचे. सा.बा.ना मुलगी नाही, म्हणून दगड त्यांच्या बहिणीच्या मुलीला. ग्लेंडाला! जिने जन्मात चिखलात हात घातला नाही. आणि ईशा माझी, म्हणजे तीसुद्धा त्या कुळाची नाही. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं हे. माहीत असून काय.

१२, रवि.
गाडीत डॅरिलशी भांडण. तो म्हणे, मी मुलगा, माझं तिथे काय चालणार. कपाळ माझं.

२५, शनि.
ग्लेंडा फीनिक्सहून येऊन दगड घेऊन गेली. रडत होती. म्हणाली, मला यातलं काही येत नाही गं, पण नाही कसं म्हणू? तिच्यावर धड रागावताही येईना. घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

१ नोव्हें., शनि.
सा.बा.नी आठवडाभर चाचपत एक मडकं उभं केलं होतं. जरा वाकडं, पण उभं. मी म्हटलं, नदीतला एखादा दगड शोधून आणते. "घोटून घोटून तो तसा गुळगुळीत होईपर्यंत मी नसेन," म्हणाल्या, आणि मडकं पाण्याच्या बादलीत सोडलं. कच्चंच ते, बघता बघता विरघळलं. ईशा नुसती "व्हाय, ग्रँडमा? व्हाय?" करत राहिली.
निघताना सा.बा.नी विचारलं, पुढच्या शनिवारी येशील ना? हो म्हटलं. काय करायला, कोण जाणे; घोटायला तर आता काही नाही.