तापाच्या गोळीची जाहिरात

चि. निर्मला हिस,

चिक्कडपल्लीहून तुझ्या थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं आधी लिहायची रीत, म्हणून लिहवते. खरं काय ते खाली येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? मांजरीला पिल्लं किती झाली? पत्र ज्योती लिहिते आहे. सासूचा कारभार सुनेकडून लिहवून घेऊ नये हे मला कळतं, पण गिरीश ऑफिसात, आणि मला तर 'ग' कुठल्या बाजूला तोंड करून बसतो तेही ठाऊक नाही. तिच्याकडून तुळशीची शपथ घेतली आहे, की यातलं अक्षरही गिरीशला सांगायचं नाही आणि मी बोलेन ते तसंच उतरवायचं, स्वतःला लागलं तरी. (लिही ग, थांबू नकोस.)

गिरीशची बदली पुण्याला झाली हे तुला माहीतच आहे. मला सोबत न्यायचं हा त्याचा हट्ट, इथून हलायचं नाही हा माझा. पन्नास वर्षं या घरात काढली. इथे भाजीवालासुद्धा मला हाक मारल्याशिवाय पुढे जात नाही, पुण्यात कोण मारणार? शेवटी तह झाला. शुक्रवारी दोघांनी घर बघायला पुण्याला जायचं, सोमवारी परत. तेवढे दिवस आई एकटी धड राहिली तर ती कायम इथेच. काही झालं तर निमूट सामान बांधायचं. आणि धड आहे की नाही हे कळावं म्हणून टीव्हीच्या डोक्यावर अंड्याएवढा कॅमेरा बसवला. मी टीव्हीकडे बघायचं आणि कॅमेऱ्याने माझ्याकडे. त्यातून गिरीश बोलतोसुद्धा! मी आपली वाती वळत बसावं आणि एकदम आकाशवाणी व्हावी, 'आई, पंखा कमी कर.' कंसालासुद्धा एकदाच झाली होती ग, मला दिवसातून चारदा.

सिकंदराबादहून त्यांची गाडी सुटली असेल-नसेल, मला हुडहुडी भरली. (दुपारी फ्रिजमधलं गार ताक दोन पेले प्यायले होते. हे ज्योतीला आत्ता कळतंय.) शनिवारी सकाळी अंगावर पापड भाजावा असा ताप. आता गोळी घ्यायची. माझी रीत तुला माहीत आहे: तापाच्या पाकिटाला पिवळा धागा, पित्ताच्या हिरवा, चकरेच्या लाल, झोपेच्या काळा. इतक्या वर्षांत कधी चूक नाही. डबा उघडते तर धागे गायब! सूनबाईंनी निघायच्या आधी डबा आवरला, ते मळके दोरे कापून टाकले आणि पाकिटापाकिटावर नाव लिहून चिकटवलं. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. असेल. मला ती मुंग्यांची वरात. चारी पाकिटं चंदेरी, चारी गोळ्या पांढऱ्या. चुकून झोपेची गेली असती, तर गिरीशने आकाशातून हाका मारल्या असत्या आणि मी घोरत पडले असते. मग काय, पुणेच.

विचारणार कुणाला? गिरीशला फोन केला की खेळ संपला. वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मम्माला त्याने स्वतःचा नंबर आणि माझ्यावरचा पहारा दोन्ही देऊन ठेवलेलं. कोपऱ्यावरचा औषधवाला त्याचा वर्गमित्र. एकच जण माझ्या बाजूचा उरला, तो टीव्ही. त्यात तापाच्या गोळीची जाहिरात येते बघ: बाई कपाळाला हात लावून बसते, मुलगी गोळी आणून देते, की बाई लगेच फुलके लाटायला उभी. ती लागली की गिरीश नेहमी म्हणतो, 'आई, तुझी गोळी आली.' त्यात पाकीट चांगलं परातीएवढं दाखवतात. ते जुळवायला अक्षर कशाला लागतं? चारी पाकिटं पदराखाली घेतली आणि सोफ्यावर ठाण मांडलं.

पण एरवी घटकेघटकेला छळणारी ती बाई नेमकी माझ्या तापात माहेरी गेली! साबण आला, सिमेंट आलं, पोरींना गोरं करणारे आले, ती नाही. मधल्या वेळात सिनेमे बघणं आलं. तेही मारामारीचेच, कारण छातीत खोकला. देवाधर्माचा लावला असता तर खोकला थेट पुण्यात ऐकू गेला असता. एका तेलुगू सिनेमातला नायक एका ठोशात अकरा जण उडवायचा. ते खाली पडेपर्यंत मी मनसोक्त खोकून घ्यायची. पण मेला मधेच प्रेमात पडला. गाणं संथ, आणि मी तोंडात पदर कोंबून बसलेली, डोळ्यांतून धारा. गिरीशला वाटलं, आई गाण्याने गहिवरली. मग म्हणे, तोंड लाल का दिसतंय? म्हटलं, सिनेमात गाव पेटलंय, त्याचा उजेड. गोधडी कशाला? म्हटलं, एसी लावलाय. एसी तर बंद आहे! म्हटलं, गोधडी घेतल्यावर एसी कशाला लावू? परेशान नक्को करू, इकडे खुनी सापडायचाय.

रविवारी दुपारी ताप आणखी चढला. भिंतीवरचं कॅलेंडर पुढे येई, मागे जाई. आणि तेवढ्यात ती आली! बाईने कपाळाला हात लावला, मी पाकिटं बाहेर काढली, आणि बेल वाजली. दारात लक्ष्मम्मा, 'पुलिहोरा तेच्चानम्मा' म्हणत चिंचेच्या भाताचा डबा घेऊन उभी. हाताला हात लागू नये म्हणून मी डबा पदरानेच घेतला, तर ही बया नेमकी माझं मनगट धरून बोलते. सुटून आले, तर पडद्यावर सिमेंट. दुसऱ्यांदा मुलगी गोळी आणायला निघाली आणि करंट गेला. पंखा थांबला. काळ्या पडद्यात गोधडी घेतलेली कुणी म्हातारी दिसायला लागली. ते असू दे.

करंट आला तेव्हा मी धोका पत्करला नाही. टीव्हीला नाक लावून उभीच राहिले. तिसऱ्यांदा ती आली. एकेक पाकीट पडद्याला लावलं. पहिलं नाही. दुसरं नाही. तिसऱ्याच्या कडेला तीच निळी पट्टी! दोन घास पुलिहोरा खाल्ला, वर गोळी घेतली. तासाभरात घाम फुटला. सोमवारी दोघं आली तेव्हा मी वाती वळत बसले होते. गिरीशने पायाला हात लावला, तो बराच वेळ तिथेच ठेवला आणि म्हणाला, 'राहा आई, तू इथेच राहा.' जिंकले ग! एकटीने राहायला काही लागत नाही. थोडी अक्कल असली की झालं, अक्षर नसलं तरी.

शिवराजला सांग, मावशी विचारत होती. सहीच्या जागी माझा कुंकवाचा अंगठा.

तुझी,
अक्का

ता. क. तोंडाला चव नाही. तुझ्या हातचं मेतकूट पाठव.

ता. क. दुसरा. आत्ता पित्ताची गोळी घ्यायला उठले होते. पाकिटाला हिरवा धागा! चाचपून बघते तर चारी पाकिटांना धागे, आपापल्या रंगाचे. माझी निरगाठ असते. या गाठी म्हणजे बुटाच्या नाडीचं फूल, ज्योतीला तेवढंच येतं. विचारलं, हे कधी बांधलंस? तर बाई कागदावरून मान वर करेना. म्हणजे मी टीव्हीला नाक लावून उभी होते, ती त्या अंड्याच्या थेट समोर. तेव्हा कसं सुचलं नाही मला! (हेही लिहू का, विचारते. लिही.)

ता. क. तिसरा. आता लपवायचं काय राहिलं? करंट गेला तेव्हा मला भीती वाटली. तापाची नाही. कुणी हाक मारेना, तो मेला कॅमेरासुद्धा गप्प. मेतकूट पाठवू नकोस, घेऊन तूच ये. दोन-तीन महिने राहा, मांजर शिवराज सांभाळेल. मात्र मी बोलावलं असं गिरीशला कळता कामा नये. तूच हट्टाने आलीस म्हणू.

निर्मलामावशी, ज्योतीचा नमस्कार. या खालच्या ओळी मी आईंना वाचून दाखवणार नाही. शपथ मोडलेली नाही. यांना सांगायचं काही उरलंच नव्हतं. शनिवारच्या पहिल्या खोकल्याला हे बॅग भरून दारात उभे राहिले, मीच थांबवलं. ताप बघायला लक्ष्मम्माला आम्हीच पाठवलं होतं. धागे मी कापले, म्हणून कुठलं पाकीट ते कॅमेऱ्यातून सांगायला मीच तोंड उघडलं, तेवढ्यात करंट गेला. पुन्हा चित्र दिसलं तेव्हा फोनभर आईंचा चेहरा होता, चष्म्यासकट. मग सांगवेना. निळी पट्टी जुळली तेव्हा हे लॉजच्या खोलीत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते. घर बघायचं राहूनच गेलं. टपाल उशिरा पोचेल, म्हणून पत्राचा फोटो आजच पाठवते. तुमचं शुक्रवारचं तिकीट यांनी रविवारीच काढून शिवराजकडे पाठवलं आहे. आल्यावर आईंना म्हणा, तुमचं पत्र वाचलं आणि राहवलं नाही.