लाल रेघ

मंगळवार, संध्याकाळ. महाड.

कारखान्यातल्या पाळ्यांचा तक्ता आपोआप बनावा म्हणून छोटासा प्रोग्राम लिहितोय. काम एवढंसं, पण ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं यातच संध्याकाळ गेली. बसमध्ये कारखान्यातला संतोष म्हणाला, "एवढ्याला साधा एडिटर बास हाय. मोठा टाकलास तर लॅपटॉप धापा टाकंल." खरंय त्याचं. साधा लगेच उघडतो, काहीही लिहा, मुकाट्याने घेतो. मोठा उघडेपर्यंत चहा होतो. पण चूक केली, साधा कंस उघडा राहिला तरी, लगेच खाली लाल रेघ मारतो.

शुभा आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेली ती नातवात रमली. ती घरात असताना डबा उघडा राहिला की आतून आवाज यायचा, "झाकण कोण लावणार?" किती चिडायचो मी. आता डबे उघडेच असतात. साखरेला मुंग्या लागल्यात. फोनवर तिला हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

शेवटी मोठाच ठेवला. संतोषला काय सांगायचं ते बघू. प्रोग्राम चालला, तक्ता नीट आला. मग शेवटचा कंस मुद्दाम पुसला, आणि त्या लाल रेघेकडे बघत जेवलो.