वर्दीतला फोटो

प्रिय अंगद,

सकाळपासून चारदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. तुझं आणि तुझ्या आबाचं आठ महिने बोलणं नाही, त्याबद्दल मला काही सांगायचंय. फोनवर ते जमणार नाही, म्हणून कागद घेतला. कुरिअरवाला म्हणतो, शुक्रवारपर्यंत पुण्यात पोचेल.

स्टुडिओत सध्या पोलीस भरतीच्या फॉर्मची गर्दी आहे. मैदानावरून पोरं घामेजलेलीच येतात, नळावर तोंड धुतात, खुंटीवरचा निळा कोट चढवून पांढऱ्या पडद्यासमोर बसतात. फोटो झाला तरी बरीच जण रेंगाळतात. मग हळूच म्हणतात, "चाचा, तेवढा वर्दीतला करून द्या ना." मी कॉम्प्युटरवर त्यांचा चेहरा खाकी वर्दीवर बसवतो. परवा सुकन्या नावाची मुलगी आली होती. घरी तिच्या लग्नाचं बघतायत. तिला तो फोटो मोबाईलच्या कव्हरमागे लपेल एवढाच हवा होता. मी म्हटलं, जरा हस की. तर म्हणाली, "कवा साहेबाला हसताना बघितलंय का चाचा?"

रिकाम्या वेळी मी जुन्या फायली उघडून बसतो. एकेकाचे चार-पाच वर्षांचे फॉर्मचे फोटो आहेत माझ्याकडे. कोट तोच, पडदा तोच. पहिल्या फोटोत ओठ दाबून हसू आवरलेलं दिसतं. पुढच्या फोटोंत आवरायला हसूच नसतं. वय निघून चाललंय ही भीती डोळ्यांत येऊन बसते, आणि मी कितीही उजेड वाढवला तरी ती जात नाही. तुझे चार आहेत. चौथ्या वेळी तूही वर्दीतला करून घेतलास आणि बजावलंस, "चाचा, ऑर्डर हातात येईस्तोवर कुणाला दाखवू नका. आबाला तर न्हाईच."

मी ते पाळलं नाही. तात्पुरत्या यादीत तुझं नाव वाचलं आणि तुला न विचारता दहा फुटी फ्लेक्स छापून चौकात बांधला. मला स्वतःला मूल नाही, तेव्हा माझ्या डोक्यात काय शिरलं असेल ते तू ओळखशील. तुझ्या आबानं, भिमाजीनं, गावभर पेढे वाटले. बाराव्या दिवशी अंतिम यादी लागली, त्यात तू नव्हतास. टवाळ पोरं फ्लेक्सखाली उभी राहून सॅल्यूट ठोकायला लागली. मी शिडी लावून दोऱ्या सोडत होतो, तेवढ्यात भिमाजी आला आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "कुणी सांगितलं व्हतं तुला एवढं मिरवायला?" तू एकदा वर माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. त्याला ती कबुली वाटली. मी शिडीवर होतो, अंगद. दोन पायऱ्या उतरून एक वाक्य बोलायचं होतं. मी गाठी सोडत राहिलो. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला कंपनीत गेलास.

त्यानंतर भिमाजी रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येत राहिला आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडत राहिला. मीही रोज ऐकत राहिलो. काल मात्र त्याच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आठ म्हैने मी पोराला शिव्या देतोय, अन् तू समोर बसून बिस्किटं बुडवतोस व्हय रं गनी?" चहा तसाच ठेवून गेला. मैत्री संपली असं मी धरून चाललो होतो. पण आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला. पुण्याची पहिली एसटी किती वाजता, एवढंच विचारलं. रविवारी तो तुझ्याकडे येतोय. तुला कळवायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातली आहे, ती मोडतोय. तुला यासाठी लिहिलं की दारात त्याला बघून तू घाबरू नयेस. त्याला भांडता येतं, चुकलं म्हणता येत नाही. तो ज्वारीचं सांगेल, म्हशीचं सांगेल, खोलीचं भाडं विचारेल. तू सगळ्याची उत्तरं दे, आणि मुक्कामाला ठेवून घे. माझं चुकलं, हे मी इथं लिहितोय. चौकात म्हणायला हवं होतं.

तुझाच,
गनीचाचा